घाटनांदूरची 'अयोग्य' साइट

"'साइट अयोग्य' लिहा आणि मोकळ्या व्हा," बोराडे साहेब फोनवर म्हणाले. मी तेव्हा घाटनांदूरमध्ये एका किराणा दुकानाच्या गच्चीवर लोखंडी पाइपला मिठी मारून उभी होते. एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाईल. पायाशी वाळत घातलेल्या लाल मिरच्या. शिंक आली तर पाना खाली कुणाच्या तरी डोक्यात पडणार, म्हणून मी श्वास रोखून गप्प राहिले. साहेबांनी तो होकार समजला आणि फोन ठेवला.

मी परत फोन लावला. म्हटलं, साहेब, सिग्नल चांगला आहे. अयोग्य कसं लिहू?

"कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काय येतंय?"

"सिग्नल उपलब्ध नाही."

"मग झालं तर. स्क्रीन खोटं बोलते का?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी कळलं. स्क्रीन खोटं बोलते, आणि साहेबांपेक्षा जास्त सफाईने बोलते.

मी तेव्हा एका खासगी इंटरनेट कंपनीत फील्ड इंजिनिअर होते. पद भारदस्त वाटतं. काम एवढंच की स्कुटीच्या डिकीत पाना, केबल आणि पाठीवर लॅपटॉप घेऊन अंबाजोगाईहून निघायचं, आणि जिथे इंटरनेट बंद असेल तिथे जाऊन ते चालू करायचं. अर्धा बीड जिल्हा माझ्याकडे होता. मोबाईलवर इंटरनेट अजून गावात पोहोचलं नव्हतं, टेलिफोनची तार सहा महिन्यांतून चार महिने तुटलेली असायची. त्यामुळे आमच्या कंपनीचं बिनतारी इंटरनेट जोरात होतं. माळावर आमचा टॉवर. गावात गिऱ्हाइकाच्या गच्चीवर पाइप, पाइपावर पावाच्या लादीएवढा पांढरा डबा. डब्याचं तोंड टॉवरकडे. डब्यातून एक केबल खाली कॉम्प्युटरला. गच्चीपासून टॉवरपर्यंत मध्ये फक्त हवा, म्हणून बिनतारी.

घाटनांदूरचं हे केंद्र महानंदाताईचं होतं. सासरे शिवलिंगअप्पा यांचं किराणा दुकान. त्याच दुकानाचा तिसरा भाग कापून, तिथे टेबल टाकून तिने ऑनलाइन सेवा केंद्र घेतलं होतं. उत्पन्नाचे दाखले, पोरापोरींचे प्रवेशाचे फॉर्म, परीक्षेचे निकाल. तालुक्यात बाईच्या नावावर असलेलं तेवढं एकच केंद्र. बी.कॉम. होऊन सात वर्षं ती तांदूळ निवडत होती, आणि केंद्र आल्यापासून गावातली माणसं तिला नावाने ओळखायला लागली होती. हे तिनेच मला सांगितलं. पूर्वी ती फक्त 'अप्पाची सून' होती.

भानगड अशी होती. आदल्या शुक्रवारी दुपारी सगळ्या केंद्रांना कंपनीची एक सीडी कुरिअरने पोहोचली. कनेक्शनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट. सोबत पत्र: शनिवारी संध्याकाळपर्यंत हे अपडेट टाका, नाहीतर जुनं कनेक्शन बंद पडेल. महानंदाताईने शनिवारी सकाळी सीडी टाकली. सगळं सुरळीत झालं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर स्क्रीनवर लाल चौकोन: सिग्नल उपलब्ध नाही. तेव्हापासून केंद्र बंद.

आता यात नुसतं इंटरनेट गेलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पुढच्या शनिवारी चालू केंद्रांची यादी जिल्ह्याला जायची होती. ज्या केंद्रापुढे आमच्या कंपनीचा 'साइट अयोग्य' असा शेरा पडेल, ते केंद्र त्याच गावात दुसऱ्या जागेवर, म्हणजे दुसऱ्या माणसाकडे जाणार. घाटनांदूरला दुसरी जागा तयारच होती. माजी सरपंच नानांचा स्टेशनकडच्या रस्त्यावर नवा हॉल होता आणि एक पुतण्या मोकळा होता. हॉलला रंगसुद्धा देऊन झाला होता.

हे सगळं मला सोमवारच्या पहिल्याच फेरीत चहासोबत कळलं. महानंदाताई रडली वगैरे नाही. तिने कपबशी ठेवली आणि म्हणाली, "ताई, माजी चूक आसंल तर मला सांगा. मी सोडून देते. पन चूक नसताना मी न्हाई सोडनार."

मला अशी माणसं आवडतात.

सोमवारी मी शिकवल्याप्रमाणे वरून खाली आले. आधी डबा. डब्याचं तोंड वाऱ्याने किंवा वानराने हललं तर सिग्नल जातो. तोंड जागच्या जागी होतं. मग केबल. उंदीर केबल कुरतडतात, किराणा दुकानात तर विशेष आवडीने. केबल धड होती. मग मी तीच केबल कॉम्प्युटरमधून काढून माझ्या लॅपटॉपला लावली. अर्ध्या मिनिटात इंटरनेट चालू. मी लॅपटॉपवर बीडचं हवामान उघडून महानंदाताईला दाखवलं. म्हणजे टॉवर चांगला, डबा चांगला, केबल चांगली. दुखणं कॉम्प्युटरच्या पोटात होतं.

साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, केंद्र तुमच्या लॅपटॉपवर चालणार आहे का? केंद्राच्या कॉम्प्युटरवर सिग्नल येत नाही म्हणजे साइटवर सिग्नल येत नाही. मी म्हटलं, साहेब, पेशंटला ऐकू येत नसेल तर रेडिओ बंद आहे असं म्हणत नाहीत. त्यांना ते रुचलं नाही. त्यांच्याकडे बंद केंद्रांची यादी होती आणि ती कशीही करून रिकामी करायची होती. केंद्र चालू झालं तरी यादीतून जातं, अयोग्य ठरलं तरी जातं. दुसऱ्याला कमी वेळ लागतो.

बुधवारी मी कॉम्प्युटरच्या पोटात हात घातला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूशी बोलणारा दुभाषी. तो काढून नवा घातला. फायरवॉल, म्हणजे दारावरचा वॉचमन, तो घटकाभर घरी पाठवला. अपडेट काढून टाकलं, तर जुनं कनेक्शन पत्रात लिहिल्याप्रमाणे बंदच झालेलं होतं. अपडेट पुन्हा घातलं. दर वेळी तोच लाल चौकोन, तेच वाक्य. मध्ये दोन तास लोडशेडिंग झालं, तेवढ्यात अप्पांनी मला भाजलेल्या शेंगा दिल्या. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. शेंगा देताना त्यांनी एवढंच विचारलं की बाई, माझ्या सुनेचं केंद्र राहील का. मी म्हटलं, राहील. घशात तोच शब्द होता आणि तो निघून गेला. गाडी चालवताना मला त्या शब्दाची भीती वाटली. आपण डॉक्टर नाही, तरी असलं काही बोलून बसतो.

एकच इलाज उरला होता. फॉरमॅट. म्हणजे कॉम्प्युटर पाटीसारखा पुसून कोरा करायचा. महानंदाताईने त्याला सरळ नकार दिला. आत दोन-अडीचशे माणसांची कागदपत्रं स्कॅन करून ठेवलेली होती. ती म्हणाली की लोकांनी माझ्यावर विश्वासून दिलेत, मी पुसू देणार नाही. आधी कॉपी काढू, मग बघू. ते शुक्रवारवर ठरलं.

शुक्रवारी मी पोहोचले तेव्हा दुकानाच्या बाकावर नाना बसलेले होते. पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. ते आज काय होतंय हे बघायला आले होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. माणूस गोड होता, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, मॅडम, तुम्ही तीन-तीन फेऱ्या मारताय, आमच्या हॉलवर एक फेरी मारा. फुल सिग्नल आहे. पंखा आहे, खुर्च्या आहेत.

मी म्हटलं, "नाना, सिग्नलला खुर्ची लागत नाही. तो उभ्याने येतो."

नाना हसले. हसून झाल्यावर मात्र त्यांनी जी गोष्ट काढली ती बरोबर वर्मी लागली. अप्पा तराजूमागे उभे होते, त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, "अप्पा, तुमी येवढे जाणते. शनी-अमावस्येला मोंढा बंद ऱ्हातो, हमाल पोत्याला हात लावत न्हाई. आन् तुमी त्याच दिवशी यंत्राला हात लावला. मग ते कावून चालंल?"

खरंच, तो शनिवार अमावस्येचा होता. आमच्याकडे अमावस्येला बाजार बंद असतो, व्यापारी नवा माल फोडत नाही, नवं यंत्र चालू करत नाही. आमच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात कुणाला हे माहीत असण्याचं कारण नाही. त्यांनी शनिवार बघितला, तिथी बघितली नाही.

महानंदाताई मान खाली घालून माझ्यासोबत पेन ड्राइव्हवर कागद उतरवत होती. तिची मान अजून खाली गेली. पत्रातल्या मुदतीला घाबरून सीडी तिनेच टाकली होती. आणि तेव्हा अप्पा बोलले. इतका वेळ न बोललेला माणूस बोलतो तेव्हा दुकानातले सगळे हात थांबतात.

"अमावस्येला कोन म्हन्तं? माज्या सुनंनं गुरुपुष्याला बसवलंय. म्या पंचांग बघितलंतं."

नाना म्हणाले, अप्पा, सीडी शनिवारी घातली, साऱ्या गल्लीने बघितलंय.

"गुरुपुष्याला," अप्पा म्हणाले आणि तराजूचं माप जरा जोरात ठेवलं.

गुरुपुष्य म्हणजे गुरुवारी पुष्य नक्षत्र. खरेदीला, नव्या कामाला उत्तम मुहूर्त. आणि तो त्या अमावस्येच्या नऊ दिवस आधीचा गुरुवार होता. मी पेन ड्राइव्ह हातात धरून हिशेब लावला. सीडी माझ्याच ऑफिसातून निघाली होती. ती घाटनांदूरला शुक्रवारी पोहोचली. मग ती आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी कशी बसवली?

मी उठून अप्पांजवळ गेले. म्हटलं, अप्पा, मुहूर्त कसा साधला ते मला सांगा.

अप्पांनी एकदा नानांकडे, एकदा सुनेकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमीच शिकवलंतं की, बाई."

आणि मला आठवलं. मागच्या वर्षी या कॉम्प्युटरमधला सेल संपला होता. कॉम्प्युटरच्या आत बटणाएवढा एक गोल सेल असतो. वीज नसतानाही तारीख-वेळ लक्षात ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की वीज गेली रे गेली, कॉम्प्युटर भलतीच जुनी तारीख धरून बसतो. नवा सेल यायला पंधरा दिवस लागले. महानंदाताई तेव्हा माहेरी गेली होती. म्हणून मी फोनवरून अप्पांना रोज सकाळी तारीख लावायला शिकवलं होतं. खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारा, कॅलेंडर उघडेल, त्यातला आजचा दिवस निवडा. सत्तरीचा माणूस ते इतकं पक्कं शिकला की मी त्यांचं कौतुकही केलं होतं.

शनिवारी सकाळी सून आत कुकर लावत होती. अप्पांनी कॉम्प्युटरला भस्म लावलं, उदबत्ती ओवाळली, कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली आणि तारीख नऊ दिवस मागे नेऊन गुरुपुष्यावर ठेवली. मग हाक मारली: आता घाल सीडी. सुनेला अमावस्येचा दोष लागू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. काम रुळलं की तारीख पुन्हा पुढे आणणार होते. पण कामच बंद पडलं. बिघडलेल्या यंत्राला हात लावायची त्यांना भीती वाटली, आणि त्या तारखेचा या बिघाडाशी काही संबंध असेल हे तर मनातही आलं नाही.

"क्यालेंडरचं पान मागं केलं म्हून बैल चालायचा थांबतो का?" त्यांनी मला विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.

त्या काळी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात फक्त वेळ दिसायची. तारीख बघायला त्यावर बाण नेऊन थांबावं लागे. मी तीन दिवस त्या स्क्रीनसमोर बसले होते. वेळ बरोबर होती, सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा. तारीख मी एकदाही बघितली नाही. डबा बघितला, केबल बघितली, दुभाषी बदलला, वॉचमन घरी पाठवला, पण आज कोण वार आहे हे त्या कॉम्प्युटरला विचारलं नाही. अठरा वर्षं झाली या धंद्यात, आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

झालं होतं ते असं. नव्या अपडेटमध्ये सुरक्षेसाठी एक दाखला होता. अपडेट टाकलं की कॉम्प्युटर टॉवरकडून आपल्या नावाचा दाखला मागून घ्यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, अमुक दिवसापासून ग्राह्य. दाखला एका कॉम्प्युटरला एकदाच मिळायचा, अपडेट पुन्हा घातलं तरी तोच; म्हणून शनिवारी मिळालेल्या दाखल्यावर शनिवारची तारीख. पण अप्पांच्या कॉम्प्युटरच्या मते तो दिवस होता नऊ दिवस आधीचा गुरुवार. म्हणजे हातातला दाखला अजून जन्मलेलाच नाही. जन्माच्या आधीचा दाखला कुठलं ऑफिस मान्य करेल? कॉम्प्युटरनेही केला नाही. इथपर्यंत त्याचं बरोबर होतं. चूक पुढे होती. 'तारीख जुळत नाही' असं सांगायचं सोडून ते सॉफ्टवेअर प्रत्येक अडचणीला एकच वाक्य फेकत होतं: सिग्नल उपलब्ध नाही. सगळ्या दुखण्यांना एकच गोळी देणाऱ्या कंपाउंडरसारखं.

मी महानंदाताईला म्हटलं, तुमच्या हाताने करा. तिने कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली. कॅलेंडर उघडलं. मागच्या आठवड्यातला बुधवार होता. तिने आजचा शुक्रवार निवडला, 'ओके' केलं आणि कनेक्ट दाबलं.

लाल चौकोन गेला. हिरवा आला. तिने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्या माणसाचा अर्ज उघडला. बाहेर ओट्यावर तीन जण सकाळपासून ताटकळत बसले होते.

गंमत अशी, की आम्ही कुणी हात लावला नसता तरी सोमवारी ते आपोआप चालू झालं असतं. मागे पडलेली तारीख चालत चालत त्या शनिवारपर्यंत पोहोचली असती आणि दाखला जन्मला असता. पण सोमवारपर्यंत केंद्र नानांच्या हॉलमध्ये पंख्याखाली गेलं असतं, आणि सगळे म्हणाले असते, बघा, जागा बदलली आणि लगेच सिग्नल आला.

मी साहेबांना फोन लावला. केंद्र चालू झालं, कारण सापडलं. कारण ऐकून ते खूश झाले. ही खुशी मला ओळखता येत होती.

"म्हणजे ग्राहकाची चूक. तसं लिहा."

आमच्या फॉर्मवर तीन चौकोन होते. साइट अयोग्य. ग्राहकाची चूक. उपकरणात बिघाड. पहिल्या दोन्हीत केंद्राचं नाव चालू केंद्रांच्या यादीतून खाली जाई. तिसऱ्यात कंपनीची मान खाली जाई, म्हणून तिसऱ्यावर खूण केलेला फॉर्म मी तोवर पाहिला नव्हता. नाना बाकावरून उठलेले नव्हते. ते ऐकत होते, अप्पाही ऐकत होते. अप्पांचा चेहरा मला बघवेना. ज्या सुनेला दोष लागू नये म्हणून त्यांनी एवढं केलं, तिचं केंद्र त्यांच्याच हाताने जाणार होतं.

मला राग आला. तो अजून आहे. तारीख चुकली हे खरं. पण तारीख चुकली तर चुकली असं सांगणं सॉफ्टवेअरचं काम होतं. त्याने ते सांगितलं असतं, तर शनिवारी सकाळीच अप्पांनी कुणालाही न विचारता तारीख पुढे आणली असती. माणसाने चुकायचं, यंत्राने खोटं बोलायचं, आणि सही मात्र माणसाच्या चुकीवर घ्यायची, हे मला मान्य नव्हतं.

मी साहेबांना म्हटलं, आत्ता फोन करते. आणि साहेबांनी माझ्या नावे मेल केलेली 'अयोग्य' होऊ घातलेल्या केंद्रांची यादी महानंदाताईच्याच कॉम्प्युटरवर उघडली. पहिलं नाव दिंद्रुडचं. मी दुकानातून तिथे फोन लावला. म्हटलं, कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारा आणि मला तारीख वाचून दाखवा. पलीकडच्या माणसाने तारीख वाचली. ती बरीच वर्षं जुनी होती. त्याचा सेल संपलेला होता. आजची तारीख लावा, म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, चालू झालं की हो. मग युसूफ वडगाव. तिथे दिवस बरोबर होता, महिना मागचा. तेही चालू झालं. तिसऱ्या गावात तारीख अचूक निघाली. तिथे खरोखर केबल तुटलेली होती. म्हणजे सगळं काही तारखेचं नव्हतं, पण दोन माणसांची केंद्रं माझ्या डोळ्यांसमोर, नुसत्या फोनवर वाचली. तिथे ना अमावस्या होती ना अप्पा.

मी पुन्हा साहेबांना फोन केला.

"साहेब, दिंद्रुड आणि युसूफ वडगाव चालू झालं. तोच बिघाड. आता तिघांनी एकाच वेळी चूक केली असं लिहायचं, की अपडेट चुकीचं बोलतं असं लिहायचं?"

"मॅडम, तुमची बदली माझ्या हातात आहे."

"आणि रिपोर्ट माझ्या हातात आहे."

मी फोन ठेवला. फॉर्म पुढे ओढला. तिन्ही चौकोन तसेच ठेवले. खालच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं: 'सिग्नल उत्तम. अपडेट कॉम्प्युटरची तारीख तपासते, परंतु ती चुकीची असल्यास तसे न सांगता सिग्नल नसल्याचे सांगते. दिंद्रुड व युसूफ वडगाव येथेही हाच अनुभव. केंद्र चालू आहे.' सही केली. महानंदाताईची सही घेतली. मग नानांपुढे फॉर्म धरला आणि म्हटलं, साक्षीदार म्हणून तुमचीही द्या, तुम्ही सगळं डोळ्यांनी बघितलंय.

नानांनी फॉर्म वाचला. बराच वेळ वाचला. मला वाटलं उठून जातील. पण ओट्यावरचा पहिला माणूस तेवढ्यात हातात छापील कागद घेऊन बाहेर पडला, आणि तो नानांच्याच भावकीतला निघाला. नानांनी सही केली. वर मला म्हणाले, "तुमी लई चिवट हायसा, मॅडम." जाताना अप्पांकडून पावशेर गूळ घेऊन गेले. हॉलचं पुढे मंगल कार्यालय झालं आणि चांगलं चाललं.

शनिवारी यादी गेली. महानंदाताईचं नाव चालू केंद्रांत होतं, दिंद्रुड आणि युसूफ वडगावचंही. मला त्याच आठवड्यात मेमो मिळाला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. बदली झाली नाही. कारण पाना घेऊन पाइपावर चढायला साहेबांना दुसरं कुणी मिळत नव्हतं. तो मेमो मी जपून ठेवलाय. त्या नोकरीत मला मिळालेलं ते एकमेव लेखी प्रशस्तिपत्र आहे.

तीन-चार महिन्यांनी पुढचं अपडेट आलं. या वेळी सीडी मुदतीच्या पंधरा दिवस आधी आली आणि सोबतच्या पत्रात पहिलीच सूचना होती: सर्वप्रथम आपल्या कॉम्प्युटरची तारीख तपासून घ्या. ही सूचना कुणामुळे आली ते कुणी लिहिलं नव्हतं. मी मुदतीचा दिवस बघितला, कॅलेंडर बघितलं, आणि कपाळाला हात लावला. पुन्हा अमावस्या. मुंबईचं ऑफिस आपल्या सवयी सोडत नाही.

अमावस्येच्या दिवशी सकाळीच अप्पांचा फोन आला. मी घाईघाईने म्हटलं, अप्पा, तारखेला हात लावू नका.

"न्हाई लावत, बाई. सीडी म्या मागल्याच आठवड्यात चांगला दिस बघून शेजारी शिंप्याच्या दुकानात ठिवलती. पर्स्थान म्हून. आज नुसती घरात आनली."

प्रस्थान म्हणजे मुहूर्त एका दिवशी आणि प्रवास दुसऱ्या दिवशी असला, की मुहूर्तावर आपली एखादी वस्तू शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. निघणं तेव्हाच झालं असं धरायचं, आणि आपण सवडीने जायचं. ही सोय आपल्याकडे शेकडो वर्षं होती. मला इंजिनिअरला सुचली नाही.

पुढे या धंद्यात मी एक नियम केला. बिघाड झाला की यंत्र उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, शेवटचा हात कुणी आणि कशासाठी लावला. आणि त्याने सांगितलं की त्याच्याच नावावर चूक लिहायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

त्या अमावस्येला मी मुद्दाम घाटनांदूरला गेले. महानंदाताईने माझ्यासमोर तारीख बघितली, सीडी घातली. हिरवा चौकोन आला. मी फॉर्म काढला. त्यावर अजूनही तेच तीन चौकोन होते. मी खाली पट्टीने चौथा चौकोन काढला, त्यात बरोबरची खूण केली, आणि पुढे लिहिलं: साइट योग्य.